प्रवासी सायकलीची कुळकथा

शर्यतीची सायकल आणि प्रवासाची सायकल या दिसायला सख्ख्या बहिणी. पण त्यांचे संसार वेगळे आणि स्वभाव त्याहून वेगळे. शर्यतीची सायकल घडवतात ती माणसाच्या सर्वांत बलवान घटकेसाठी. प्रवासाची सायकल घडवावी लागते ती त्याच्या सर्वांत दुबळ्या घटकेसाठी. दिवस कलला आहे, पोटात अन्न नाही, मागे सामानाचे ओझे, पुढे घाट आणि वर आभाळ भरून आलेले, अशा वेळी जी माणसाला मुक्कामाच्या गावी पोचवते ती प्रवासी सायकल. तेव्हा ती निवडायची म्हणजे अंगच्या बळाचा नव्हे, तर दुबळेपणाचा हिशेब आधी मांडायचा. आणि हा हिशेब मांडायला माणूस सहसा राजी होत नाही. पुढे जी कुळकथा मी सांगणार आहे ती बव्हंशी या नाराजीचीच आहे.

मी कादंबऱ्या लिहितो हे खरे. पण पोटापाण्याचा उद्योग शाळामास्तराचा. दिवाळीची सुट्टी जवळ आली की वरच्या वर्गातली दोनचार मुले हटकून विचारतात, ‘‘सर, सायकलने कोकणात जायचं म्हणतोय, कोणती घेऊ?’’ दुकानदार त्यांना रंग दाखवतो आणि किंमत सांगतो. मी त्यांना इतिहास सांगतो. मुलांना तो प्रथम नकोसा वाटतो. पण सायकलीच्या प्रत्येक भागामागे कोणाचे तरी मोडलेले हाड किंवा मोडलेला अहंकार आहे हे कळले की ती सरसावून बसतात.

प्रारंभ उंच चाकाच्या सायकलीपासून करायला हवा. थॉमस स्टीव्हन्स नावाचा तरुण २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १७ डिसेंबर १८८६ रोजी जपानातल्या योकोहामाला पोचला. त्याच्या सायकलीचे पुढचे चाक ५० इंचांचे, मागचे इवलेसे, आणि पायडले थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेली. सामान म्हणजे एक सदरा, मोजे, एक पिस्तूल आणि एक पावसाळी अंगरखा; तोच रात्री तंबू आणि तोच बिछाना. अफगाणिस्तानातून त्याला परत फिरवले, म्हणून वळसा घालून तो हिंदुस्थानात आला आणि लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रस्त्याने सायकल चालवत गेला. त्या उंच वाहनावरचा स्वार पाहून वाटेवरच्या खेडुतांना काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी!

स्टीव्हन्सला सायकल निवडण्याचा प्रश्नच नव्हता. जेवढे पाय लांब तेवढे चाक मोठे, एवढाच नियम. शिंप्याने माप घ्यावे तसा. पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, म्हणजे ५० इंची चाकाला सुमारे चार मीटर. चढ असो की उतार, चार मीटर म्हणजे चार मीटर. रस्त्यात दगड आडवा आला तर स्वार हॅण्डलवरून थेट पुढे फेकला जाई. म्हणून चढावर उतरावे, खडीवर उतरावे, वाळूत उतरावे. जगप्रदक्षिणेचा बराच भाग त्याने सायकलीवर बसून नव्हे, तर सायकल ढकलत केला.

१८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल आणली आणि हा प्रकार संपला. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, स्वार दोहोंच्या मध्ये, आणि पायडलाचे बळ साखळीने मागच्या चाकाला. पाठोपाठ १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या हवेच्या टायरचे पेटंट घेतले. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि सायकल खऱ्या अर्थाने प्रवासाला निघाली.

फ्रेमचे पाहू. काही वर्षांतच फ्रेमने जो आकार घेतला तो आजतागायत फारसा बदललेला नाही : दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून उभे. भूमितीच्या तासाला मी मुलांना चार काड्यांचा चौकोन आणि तीन काड्यांचा त्रिकोण करायला लावतो. चौकोन दाबला की कलतो. त्रिकोण मोडेल, पण कलणार नाही. सायकलीची फ्रेम एवढ्या थोड्या लोखंडात एवढा भार पेलते त्याचे मर्म हेच.

आता प्रश्न नळ्यांचा. नळी जाड घ्यावी तर वजन वाढते. पातळ घ्यावी तर सांध्यापाशी तुटते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याचा मूळ धंदा खिळे करण्याचा. त्यांनी १८९७ साली अशी नळी काढली, की जिची दोन्ही टोके आतून जाड आणि मधला भाग पातळ. बाहेरून पाहावे तर नळी सरळसोट. जिथे ताण पडतो तिथे आपल्या आया जशी दुहेरी शिवण घालीत, तशीच ही युक्ती. पुढे १९३५ मध्ये त्याच कारखान्याने ‘५३१’ नावाची पोलादी नळी आणली, आणि कित्येक दशके लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत हा आकडा एखाद्या घराण्याच्या नावासारखा आदराने उच्चारला जाई.

पण पोलादाचा खरा गुण हलकेपणात नाही. तो कोणता हे समजायला १९१३ सालच्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीतली एक हकिगत ऐकावी. युजेन ख्रिस्तॉफ हा नामांकित स्वार पिरेनीज पर्वतातला तूर्माले घाट उतरत असताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला. त्या काळी नियम असा, की दुसऱ्याची मदत घ्यायची नाही. ख्रिस्तॉफ सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरांहून जास्त चालत सेंत-मारी-द-कांपाँ या खेड्यात आला, तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने चिमटा जोडला आणि पुन्हा स्वार झाला. काही तास वाया गेले, हातची शर्यत गेली. आणि वर दंड झाला तो वेगळाच. का? तर काम चालले असताना लोहाराच्या पोऱ्याने भाता मारला म्हणून!

या गोष्टीत मुले त्या पंचांवर संतापतात, आणि संतापावे असेच ते आहे. मला मात्र तो लोहार महत्त्वाचा वाटतो. पोलाद खेड्यातल्या भट्टीवर जोडता येते. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनच्या फ्रेमी आज हलक्या आहेत, देखण्या आहेत; पण त्या मोडल्या तर लोहार हात जोडील. म्हणून दूरदेशी निघालेले कित्येक प्रवासी आजही पोलादी फ्रेमच पसंत करतात. शिवाय प्रवासी फ्रेमचा मागचा भाग थोडा लांब हवा, म्हणजे पिशव्या कॅरिअरला लटकवल्यावर टाचा त्यांना घासत नाहीत. चिमटा थोडा पुढे कललेला हवा, म्हणजे ओझे असतानाही सायकल सरळ चालते. आणि चिमट्याच्या बेचक्यात मडगार्ड व जाड टायर दोन्ही मावतील एवढी मोकळीक हवी. शर्यतीच्या फ्रेममध्ये यांतले काहीच नसते. ती घट्ट कपड्यातल्या पहिलवानासारखी : कुस्तीला उत्तम, प्रवासाला गैरसोयीची.

फ्रेमच्या निवडीचा एक प्रसंग तर चांगलाच गाजला. १८९४ च्या जून महिन्यात बोस्टनहून अ‍ॅनी लंडनडेरी नावाची स्त्री जगप्रवासाला निघाली. तिचे खरे नाव अ‍ॅनी कोहेन कॉपचॉव्स्की. तीन मुलांची आई. ‘लंडनडेरी’ हे तिने घेतलेले नाव एका झऱ्याच्या पाण्याच्या कंपनीचे. जाहिरातीबद्दल तिला शंभर डॉलर मिळाले होते. निघताना तिच्याकडे बायकांची म्हणून जी सायकल होती तिचे वजन ४२ पौंड, म्हणजे सुमारे १९ किलो. घोळदार झग्याला आड येऊ नये म्हणून बायकांच्या सायकलीची वरची नळी खाली वाकवीत. त्रिकोण मोडला की बळकटीसाठी लोखंड वाढवावे लागे. झग्याचे ओझे असे फ्रेमवर येऊन पडले होते! शिकागोला पोचेपर्यंत अ‍ॅनी मेटाकुटीला आली. तिथे तिने ती सायकल सोडून पुरुषांची २१ पौंडांची ‘स्टर्लिंग’ घेतली आणि झग्याऐवजी विजार चढवली. वजन निम्मे झाले. पुढचा बराचसा प्रवास तिने बोटीने केला हे खरे. तरी १८९५ च्या सप्टेंबरात ती शिकागोला परतली तेव्हा बायकांची सायकल वेगळी का असावी, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच जणींना मिळून चुकले होते.

चाकांची कथा थोडक्यात सांगतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचे आरे मोजून पाहा : पुढे ३२, मागे ४०. ही इंग्रजी रीत. बसणाऱ्याचा आणि सामानाचा भार मागच्या चाकावर जास्त, म्हणून आठ आरे अधिक. डबलसीटच्या आपल्या देशात ही रीत किती शहाणपणाची ठरली हे सांगायला नकोच. प्रवासात आरा तुटतो तो बहुधा मागचाच. एक तुटला की शेजाऱ्यांवर भार पडतो आणि चाक डुलू लागते. चाकाचा ‘आउट’ काढता येणारा कारागीर हा प्रवाशाचा वैद्य. रिमचे म्हणाल, तर चकचकीत पोलादी रिम उन्हात शोभते, पण पावसात तिच्यावर ब्रेकचे रबर घसरते. सह्याद्रीचा घाट आणि मृगाचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला यापुढचे स्पष्टीकरण नको.

आता या कुळकथेतले मोठे भांडण. ते आहे गिअरचे.

फ्रान्समध्ये सेंत-एतिएन नावाचे गाव आहे. तिथे पॉल द व्हिवी हा रेशमाचा व्यापारी राहत असे. जन्म १८५३ चा. तिशीच्या उंबरठ्यावर त्याला सायकलीचा नाद लागला आणि त्या नादापायी व्यापार मागे पडला. १८८७ साली त्याने ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक सुरू केले आणि ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो त्यात लिहू लागला. गाव डोंगराच्या कुशीत. कुठेही जायचे तर घाट. व्हेलोसिओने पुढे दोन दातेचक्रे बसवली आणि चढ आला की खाली उतरून साखळी हाताने लहान चक्रावर घालायला सुरुवात केली. एवढ्याने समाधान न होऊन त्याने नाना प्रयोग केले. उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन साखळ्यांचासुद्धा.

इथे सातवीच्या मुलांना पुरेल एवढे गणित सांगतो. पुढे ४४ दाते आणि मागे २२ असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे होतात. २८ इंची चाकाचे दोन फेरे म्हणजे ५६ इंची उंच चाकाचा एक फेरा. म्हणजे आपली साधी सायकल हिशेबाने स्टीव्हन्सच्या सायकलीहून उंच! सपाटीवर ते ठीक. पण पुढे २२ आणि मागे ३३ दाते केले, तर चाक एका फेऱ्याच्या दोन-तृतीयांशच फिरते. जणू १९ इंचांपेक्षाही लहान चाकाची तीनचाकी. वेग जातो, पण लहान मूलही घाट चढेल. घाटाची उंची कमी होत नाही. कष्टांची एकूण रक्कम तेवढीच राहते, फक्त ती एकदम न भरता हप्त्याहप्त्याने फेडता येते. गिअर म्हणजे एवढेच.

या हप्तेबंदीला ज्याने कडवा विरोध केला तो हंरी देग्रांज. हा काही ऐरागैरा नव्हे. १८९३ मध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर जाण्याचा विक्रम त्याच्या नावावर होता, आणि १९०३ पासूनची ‘तूर द फ्रान्स’ शर्यत त्याच्याच पत्राने सुरू केलेली. १९०२ साली फ्रान्सच्या प्रवासी मंडळाने तूर्मालेच्या, २,११५ मीटर उंचीच्या घाटात सायकलींची परीक्षा ठेवली. तिथे मार्त हेस नावाची स्त्री गिअरची सायकल घेऊन पायउतार न होता घाट चढून गेली, अशी नोंद सायकलीच्या इतिहासांत हटकून आढळते. देग्रांजवर परिणाम उलटाच झाला. गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे, मर्दाने आपल्या स्नायूंच्या बळावर जिंकावे, अशा आशयाचे त्याने लिहिले. (मी स्वतः चाळिशी ओलांडलेला असल्याने, देग्रांजच्या मते माझी मर्दुमकी अजून दोनचार वर्षे शाबूत आहे!)

परिणाम काय झाला? त्याच्या शर्यतीत पस्तीस वर्षांच्या आसपास साखळी सरकवणाऱ्या गिअरला बंदी राहिली. स्वार मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन दातेचक्रे लावीत. घाट आला की उतरून चाक काढायचे, उलटे बसवायचे आणि पुन्हा निघायचे. जगातले उत्तमोत्तम सायकलपटू घाटाच्या पायथ्याशी गारठलेल्या बोटांनी नट सोडवीत बसलेले, आणि त्याच घाटाने व्हेलोसिओची शिष्यमंडळी, कारकून, शिक्षक, दुकानदार, बायका, आरामात वर चढत आहेत, असे हे दृश्य. देग्रांज १९३६ मध्ये शर्यतीच्या कारभारातून बाजूला झाला आणि १९३७ साली बंदी उठली. व्हेलोसिओ मात्र तोवर हयात नव्हता. १९३० मध्ये ट्रामचा धक्का लागून तो वारला.

व्हेलोसिओने प्रवाशांना सात आज्ञा घालून दिल्या आहेत. थांबे थोडे आणि लहान असावेत. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे. जेवण नको आणि झोप येत नाही इतके दमू नये. थंडी वाजण्याआधी कपडा चढवावा आणि उकडण्याआधी काढावा. वाटेत मांस, मद्य आणि तंबाखू टाळावी. विशेषतः आरंभीच्या तासांत जोर करू नये. आणि लोकांना दाखवण्यासाठी कधीही पायडल मारू नये. आपल्या एखाद्या साधुपुरुषाच्या मुखी शोभावी अशी ही आचारसंहिता एका रेशीमव्यापाऱ्याची आहे. पहिल्या सहा आज्ञा शरीरासाठी आहेत. सातवी मनासाठी आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत अवघड.

व्हेलोसिओच्या परंपरेतूनच फ्रान्समध्ये प्रवासी सायकली घडवणारे कारागीर निपजले. रने हर्स, अलेक्स सिंगर ही त्यांतली थोर नावे. १९३४ पासून तिथे सायकलींच्याच स्पर्धा होऊ लागल्या. खराब डोंगरी रस्त्यांवर सायकली दामटायच्या आणि शेवटी तपासायच्या. काही मोडले, ढिले झाले, गळून पडले की गुण वजा. १९४६ साली सिंगरची मडगार्ड, दिवे आणि कॅरिअरसह सज्ज असलेली एक सायकल सात किलोंच्याही आत भरली होती! शर्यतवाल्यांनी नाकारलेली सुधारणा प्रवाशांनी अशी पूर्णत्वाला नेली.

मात्र गिअर जितका जास्त तितकी सायकल चांगली, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. आयर्लंडच्या डर्व्हला मर्फीला दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि नकाशांचे पुस्तक अशा दोन वस्तू मिळाल्या आणि तिने सायकलने हिंदुस्थानात जायचे ठरवून टाकले. आईच्या आजारपणात वीसएक वर्षे गेली. अखेर १९६३ च्या जानेवारीत, युरोपातल्या एका भीषण हिवाळ्यात ती निघाली आणि जुलैत दिल्लीला पोचली. निघण्यापूर्वी तिने सायकलीचा तीन वेगांचा गिअर काढून टाकला होता! इराण-अफगाणिस्तानच्या रस्त्यांवर ते नाजूक यंत्र टिकणार नाही आणि बिघडले तर दुरुस्त करणारा मिळणार नाही, असा तिचा हिशेब. चढ आला की ती उतरून चालत असे. टायर तेवढे तिने वाटेवरच्या मुक्कामांवर आधीच पाठवून ठेवले होते. वरवर पाहता हा देग्रांजचा विजय वाटेल. पण तसे नाही. देग्रांजने गिअर नाकारला तो मर्दुमकीसाठी, डर्व्हलाने नाकारला तो रस्ता ओळखून. वस्तू तीच, पण त्यामागची बुद्धी निराळी.

आपल्या मुंबईच्या पोरांचीही आठवण इथे ठेवलीच पाहिजे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी परत आले. सुमारे ४४,००० मैल, म्हणजे ७१,००० किलोमीटर पालथे घालून. इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश असा त्यांचा मार्ग. १९३१ साली निघालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनाला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. साडेचार वर्षांत टायर झिजले, ट्यूबा फाटल्या, तरी साध्या सायकलीच्या सांगाड्याने जग पाहिले. आणि २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची जगफेरी पुरी केली. दोन्ही प्रवासांत नव्वद वर्षांचे आणि यंत्रविद्येचे केवढे अंतर आहे! पंक्चर मात्र दोघांनाही सारखेच.

तर मुलांना मी सांगतो ते असे. आधी रस्ता ठरवा. भोरकडून वरंध घाटाने महाडला उतरायचे असेल तर सायकल कोणतीही चालेल, ब्रेक तेवढे पाहा. पण त्याच वाटेने परत चढायचे असेल तर मागचे सर्वांत मोठे दातेचक्र पाहा. मग टायर पाहा. खडीवर दोन बोटांचा टायर सुखाचा, सुतळीसारखा नव्हे. मग फ्रेम आपल्या मापाची आहे ना ते पाहा. मोठ्या भावाची सायकल मोठ्या भावालाच शोभते. सीट कातडी घेतलीत तर ती चपलेसारखी आपल्या अंगाला बसायला काही दिवस लागतात, तेवढा धीर धरा. प्रत्येक भाग विकत घेताना मनात विचारा, की वाटेतल्या सर्वांत लहान गावातला सर्वांत गरीब सायकलवाला हा दुरुस्त करू शकेल का? उत्तर नाही असे आले, तर त्या भागाचा जोड आपल्या पिशवीत हवा. रंग सर्वांत शेवटी.

आणि घाटात उतरून सायकल हातात धरून चालावे लागले, तर लाज कसली? स्टीव्हन्स चालला, ख्रिस्तॉफ चालला, डर्व्हला चालली. सुट्टी संपवून ही मुले शाळेत येतात तेव्हा किती तासांत गेलात हे मी त्यांना विचारत नाही. वाटेत कोणाकडे जेवलात आणि पंक्चर कोणी काढून दिले, ते तेवढे विचारतो. त्याची उत्तरे द्यायला मात्र मधली सुट्टी पुरत नाही.